अंतिम रेषेचं कार्ड

माझ्या वहिनीला आमच्या स्टुडिओतले फोटोग्राफर पाठीमागे 'जकातनाका' म्हणतात आणि तोंडावर काहीच म्हणत नाहीत, कारण तेवढी छाती कुणाची नाही. कार्यक्रमाचे फोटो काढून माणूस परत आला की त्याने आधी तिच्या टेबलापुढे उभं राहायचं, कार्डांचा डबा उघडून ठेवायचा आणि ती हो म्हणेपर्यंत पाणी प्यायलासुद्धा हलायचं नाही. एकदा एक जण कॅमेऱ्याचं कार्ड शर्टाच्या खिशात टाकून तसाच जेवायला गेला होता. घामाने ओलसर झालेलं ते कार्ड तिने त्याच्यासमोर मऊ फडक्याने पुसलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "पोटभर जेवलास ना?" त्या माणसाचं पुढे कितीतरी दिवस जेवणावरून मन उडालं होतं.

स्टुडिओ माझ्या दादाचा. तो फोटो काढतो, मी कॉम्प्युटरवर ते निवडते आणि सुधारते, वहिनी कार्डं सांभाळते. हे तिसरं काम लोकांना किरकोळ वाटतं, आणि ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडते. टपालाच्या तिकिटाएवढी चपटी वस्तू, पण एखाद्या घरातला एकुलता एक दिवस तिच्यात असतो. तो हरवला की दादाने कितीही माफी मागितली तरी लोक पुन्हा तसेच कपडे घालून, तसेच रडत-हसत उभे राहणार आहेत थोडेच.

मी तिची नणंद. तिच्यात खोट काढायचा माझा हक्कच आहे आणि मी तो रोज बजावते. ती हट्टी आहे, चहात साखर कमी घालते, आणि माझ्या टेबलावर पसारा दिसला की खोलीत कुणीतरी मेलंय अशा आवाजात बोलते. एरवी ती मला अगं-तुगं करते. पण रागावली किंवा घाबरली की मी एकदम 'वन्सं' होते आणि अहोजाहो सुरू होतं. ते ऐकलं की मी मुकाट्याने उभी राहते.

लग्नाआधी ती एका दवाखान्यात चादरींच्या खोलीत कामाला होती. धुतलेल्या चादरीची घडी एका तऱ्हेने, वापरलेलीची दुसऱ्या तऱ्हेने, आणि दोन्ही एकमेकींना शिवू द्यायच्या नाहीत. तिकडून ती आमच्याकडे आली तेव्हा दादाच्या खणात भरलेली आणि रिकामी कार्डं गुण्यागोविंदाने नांदत होती. तिने तो खण टेबलावर उपडा केला आणि त्या दिवसापासून आमच्या घराला कायदा आला. रिकामं कार्ड उताणं, म्हणजे नावाची बाजू वर. भरलेलं कार्ड पालथं. "दमलेलं माणूस पालथंच पडतं," असं तिचं म्हणणं. पालथ्या कार्डाला तिने दिल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आधी ते दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचं, मग दोन्हीकडचे पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघायचे, आणि मगच कार्ड फॉरमॅट करून, म्हणजे एका दमात सगळं पुसून, उताणं ठेवायचं. एकेक फोटो कॅमेऱ्यातच पुसत बसणाऱ्यांचा तिला भारी राग. आणि बाहेर जाणारं कार्ड रिकामं असलं तरी ज्या कॅमेऱ्यात जायचं त्यातच घालून ती ते पुन्हा एकदा फॉरमॅट करायची. पोर घरातून निघताना आपण त्याचं तोंड पुसतो ना, तसं. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक फोटो गेलेला नव्हता.

तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, भिंगरी. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. चालायला लागली ती पळतच. गेली तीन वर्षं ती ज्या शर्यतीसाठी घाम गाळत होती ती मी सांगतेय त्या दिवशी सकाळी होती. त्या शर्यतीतली पहिली मुलगी मोठ्या स्पर्धेला जाणार होती. फक्त पहिली. आणि पुढच्या वर्षी भिंगरी वयाच्या गटातून बाहेर पडणार होती, म्हणजे जायचं तर आत्ताच.

आता गंमत बघा. त्या मैदानावर अंतिम रेषेशी कॅमेरा लावायचं काम आमच्याच स्टुडिओला. दादाने आयोजकांना आधीच सांगितलं होतं की माझी मुलगी पळतेय, दुसरा कुणी बघा. ते म्हणाले, तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे राहणार, रेषेवर नाही. मी गॅलरीत होते. वहिनी स्टुडिओत, कारण दुपारी दातांच्या डॉक्टरांचं संमेलन होतं आणि त्याची कार्डं तयार करायची होती. लेकीची शर्यत सोडून ती कार्डांपाशी बसली यावरून मी सकाळीच तिच्याशी भांडून निघाले होते.

शर्यत मी काय सांगू. शेवटच्या वळणावर भिंगरी आणि निळ्या बुटांची एक मुलगी अशा दोघीच उरल्या. बाकीच्या मागे कुठेतरी. माझा घसा तिथेच बसला. शेजारच्या अनोळखी बाईचा दंड मी इतका आवळला होता की तिने नंतर तो मला दाखवला. दोघी रेषेवर एकदमच आल्या, खरंच एकदम, आणि पंच एकमेकांकडे बघायला लागले. त्यांची बरीच कुजबुज झाली. मग मुख्य पंचांनी भिंगरीचं नाव घेतलं.

दादा शांत माणूस आहे. हिशेबाने हसणारा. त्या क्षणी तो कॅमेऱ्याची पेटी ओलांडून लहान मुलासारखा उडी मारून पळाला आणि त्याने घोडीएवढ्या मुलीला उचलून घेतलं. मी पायऱ्यांवरून कशी उतरले मला आठवत नाही. आम्ही तिघं नाचलो. तिच्या गळ्यात पदक पडलं. स्टुडिओत आलो तेव्हा वहिनीने लेकीकडे एकदा नीट बघितलं, तिच्या घामट केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आधी काहीतरी खाऊन घे." तेवढं बोलून ती वळली, आणि मी पाहिलं, बाई दादाने मैदानावरून आणलेला कार्डांचा डबा उघडताना गुणगुणत होती. मी तिला लग्नात उखाणा घेताना ऐकलं होतं, त्यानंतर हा पहिला सूर.

संमेलनाला जाणारा आमचा दुसरा फोटोग्राफर लंबू दारात घाई करत उभा होता. सकाळी तयार केलेली कार्डं त्याच्या पिशवीत होतीच, वर आणखी एक म्हणून वहिनीने त्याच डब्यातलं एक उताणं कार्ड उचललं, त्याच्या कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट केलं, कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला. लंबू गेला. मग पालथी कार्डं तिने माझ्याकडे दिली आणि मी ती उतरवायला घेतली. भिंगरी माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलून बसली होती. तिला स्वतःला जिंकताना बघायचं होतं.

लांब उडी सापडली. गोळाफेक सापडली. लहान मुलांच्या शर्यती सापडल्या. हिची शर्यत काही सापडेना. मी सगळी कार्डं परत चाळत होते तेवढ्यात दादाचा फोन वाजला. मुख्य पंच होते. निळ्या बुटांच्या मुलीच्या क्लबच्या प्रशिक्षक मॅडमनी निकालावर हरकत घेतली होती. दादाने फोन स्पीकरवर टाकला.

"मैदान बंद व्हायच्या आत रेषेवरचे फोटो द्या," पंच म्हणाले. "फोटो तुमच्याकडे आहेत आणि मुलगीही तुमचीच आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मूळ फोटो हवेत. तोवर निकाल थांबवून ठेवतो. फोटो नसतील तर जाहीर झालाय तोच राहील."

फोन बंद झाला. वहिनी दादाला म्हणाली, "अहो, शेवटच्या शर्यतीचं कार्ड कुठंय?"

"डब्यात. शर्यत संपल्या संपल्या काढलं, दुसरं घातलं, आणि ते पालथं ठेवलं डब्यात. नेहमीसारखं." मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "मी उडी मारली ना, तेव्हा डबा पायाला लागून पडला होता. कार्डं गवतात सांडली. मी गोळा करून भरली परत."

"कशी भरली?"

आनंदाने वेडा झालेला माणूस कार्डं गोळा करतो तेव्हा उताणं-पालथं बघत नाही. आणि वहिनीने उताणं कार्ड बघितलं की ते रिकामंच असतं, कारण आमच्या घरात ते रिकामंच असतं. दुसरं कुणी असतं तर कार्ड एकदा उघडून बघितलं असतं. हिचा तिच्या कायद्यावर इतका विश्वास की तिला बघायचं सुचलंच नाही.

"मी फॉरमॅट केलं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "आणि लंबूकडे दिलं."

ज्या शर्यतीत आपली मुलगी पहिली ठरली त्या शर्यतीचे फोटो आईच्या हातून पुसले गेले, हे गावात कुणाला सांगणार आणि कोण विश्वास ठेवणार. दादा खुर्चीत बसला आणि जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "म्हणजे... नाहीच मिळाले, तर निकाल आहे तोच राहतो."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की मला त्या नजरेच्या वाटेतून बाजूला व्हावंसं वाटलं. पण तिच्याआधी भिंगरी बोलली.

"मला नकोय असं. मी पहिली आलेय, आई. फोटोत दिसेल ना. आण तो."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "गाडी काढा."

स्कूटरवर मागे बसून ती माझ्या कानात मला समजावत होती, की स्वतःला, कोण जाणे. फॉरमॅट केलं म्हणजे खोल्यांवरच्या पाट्या काढल्या. माणसं आतच आहेत. पण नवा भाडेकरू आला की त्याला पहिल्या खोलीपासून जागा मिळते आणि तिथलं जुनं माणूस कायमचं जातं. लंबू एक फोटो काढेल तर एक खोली जाईल. शेकडो काढेल तर शेवटच्या खोलीपर्यंत पोचेल, आणि आपली शर्यत शेवटच्या खोल्यांत आहे. "फोन लाव त्याला," मी ओरडले. "काम चालू असताना फोन बंद ठेवायचा, हा नियम कुणाचा?" ती ओरडली. नियम तिचाच. मी गाडी आणखी पिळली. पुढे एक ट्रक सामान उतरवत आडवा उभा होता. मी फुटपाथवरून काढली, एका फुलवाल्याची शिवी खाल्ली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शिवी गोड लागली. माझ्या कमरेला तिच्या हातांची पकड इतकी घट्ट होती की श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि तरी ती म्हणत होती, "जरा जोरात घ्या की."

संमेलनाच्या इमारतीपुढे रुंद पायऱ्या होत्या आणि त्या पायऱ्यांवर ओळींत दातांचे डॉक्टर उभे होते, सगळे आपापले दात दाखवून. खाली लंबू डोळ्याला कॅमेरा लावून वाकला होता. मी गाडी स्टँडवर लावायच्या आत वहिनी उतरून पळत सुटली. गुडघेदुखीमुळे दोन जिने चढायला कुरकुरणारी ही बाई. तिने मागून जाऊन लंबूच्या कॅमेऱ्यावर सरळ हात ठेवला.

"किती काढलेस?"

"नाश्त्याच्या टेबलाचे थोडे," लंबू गोंधळून म्हणाला. "आणि बॅनरचे. हा आत्ता पहिलाच ग्रुप होता. काय झालं, वहिनी?"

"दिवा विझलाय का बघू दे." लाल दिवा विझलेला होता, म्हणजे कॅमेरा कार्डावर आत्ता काही लिहीत नव्हता. तिने झाकण उघडलं, कार्ड काढलं आणि त्याच्या कडेचा बारीक खटका नखाने खाली ओढला, म्हणजे आता कुणी कितीही ठरवलं तरी त्यावर नवीन काही लिहिलं जाणार नाही. मग पर्समधून दुसरं कार्ड काढून तिने कॅमेऱ्यात घातलं, त्यात खरंच काही नाही ना ते बटण दाबून बघितलं, पुन्हा बघितलं आणि मग ते फॉरमॅट केलं. इतक्या गडबडीतही. वरच्या ओळीतल्या एका वयस्क डॉक्टरांनी गालांवरचं हसू तसंच धरून ठेवत विचारलं, "बाई, आम्ही अजून किती वेळ हसायचं?"

"आता हसा," वहिनी म्हणाली, आणि आम्ही परत निघालो.

स्टुडिओत पोचलो तर बाहेरच्या खोलीत त्या क्लबच्या प्रशिक्षक मॅडम आणि ती निळ्या बुटांची मुलगी बसलेल्या. पंचांनीच त्यांना पाठवलं होतं. मॅडमच्या कपाळावर आठ्या होत्या आणि मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीत होते, पण वहिनीने मला बोलूच दिलं नाही. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "कार्ड माझ्या हातून पुसलं गेलंय. चूक माझी आहे. परत आणायचा प्रयत्न करतेय. आत या, तुमच्या डोळ्यांदेखत करते."

"मुद्दाम पुसणारं माणूस असं सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण फोटो मिळाले नाहीत तर मी हेच बाहेर सांगू शकणार नाही. लोक माझंही ऐकणार नाहीत."

"माहितीये," वहिनी म्हणाली.

पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम आमच्याकडे होता, पण तो आजवर उघडायची वेळ आली नव्हती. मी तो चालू केला. पडद्यावर एक हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली. आम्ही सगळे त्या पट्टीकडे असं बघत होतो की जणू तीच शर्यतीत आहे. आधी नाश्त्याची टेबलं आली. मग बॅनर. मग काही अर्धवट फोटो, वरचा भाग ठीक आणि खालचा राखाडी. मग एकदम मैदान. मैदान, मैदान, मैदान. निशाण घेतलेला माणूस. वाकलेल्या मुली. "आले," दादा म्हणाला आणि त्याने माझा खांदा दाबला. पहिलं वळण. दुसरं. लाल टी-शर्टमधली भिंगरी, तिच्यामागे निळे बूट. आता खोलीतल्या खोलीत शर्यत पुन्हा सुरू झाली होती. भिंगरी टाचा उंचावून उभी होती. ती निळ्या बुटांची मुलगी तिच्या शेजारी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. दोघींचे खांदे एकमेकींना लागत होते आणि दोघींनाही त्याचं भान नव्हतं.

मी एकेक फोटो पुढे सरकवू लागले. भिंगरी पुढे. भिंगरी पुढे. रेषा जवळ. भिंगरी अजूनही पुढे, छातीभर पुढे, आणि माझ्या तोंडून "बघा" असं निघून गेलं. मी पुढचं बटण दाबलं.

पुढच्या फोटोत दोघी हवेत होत्या. चारांपैकी एकही पाय जमिनीवर नव्हता. इतका सुंदर फोटो दादाने आयुष्यात काढलेला नाही. निळ्या बुटांच्या मुलीची मान खाली, डोळे मिटलेले, आणि छाती रेषेवर. भिंगरी वीतभर मागे. तिची मान वळलेली होती. ती बाजूला बघत होती, शेजारच्या मुलीकडे.

वहिनी सर्वांत आधी बोलली. "दोन्ही डिस्कवर उतरव," ती मला म्हणाली. "पहिला, मधला, शेवटचा उघडून बघ. मग पंचांना पाठव." तिने लेकीकडे बघितलं नाही. मी उतरवलं. बघितलं. पाठवलं. माझे डोळे भरून आले होते आणि मला माझ्या वहिनीचा इतका अभिमान वाटत होता की तिला कडकडून चावावं.

भिंगरी पडद्याजवळ गेली. "आत्या, एक मागे घे." मी घेतला. "इथे मी पुढे आहे." "आहेस." "आता पुढे घे. इथे मान वळली." तिने बोटाने स्वतःच्या मानेवर टिचकी मारली. "माझे कोच सर तीन वर्षं सांगतायत, बाजूला बघते मी. मी म्हणायचे, नाही बघत." मग ती वळून त्या मुलीला म्हणाली, "तुझे तर डोळेच मिटलेत."

"मला भीती वाटते," ती मुलगी म्हणाली. "शेवटी शेवटी मी कधीच उघडे ठेवत नाही."

भिंगरी हसली. खरं हसली. तिने पदक काढून त्या मुलीच्या हातात दिलं आणि ती मुलगी रडायला लागली, मॅडम तिला घेऊन बाहेर गेल्या, दादा त्यांना सोडायला गेला. आत आम्ही तिघी उरलो. आणि मग जकातनाका फुटला. इतक्या वर्षांत मी वहिनीला रडताना बघितलं नव्हतं. ती रडली तीही लेकीवर ओरडतच.

"तू तिकडे बघितलंस कशाला गं? पुढे होतीस ना? मग बघायची काय गरज होती?"

"ती किती जवळ आलीय ते बघायला."

"आणि मी तो फोटो आणला. मीच आणला. नसता आणला तर..."

भिंगरीने तिला घट्ट मिठीत घेतलं. तिच्याही गालांवरून पाणी वाहत होतं आणि तरी ती हसत होती, धापा टाकत, नुकती रेषा ओलांडून आल्यासारखी.

"आई," ती म्हणाली, "माझ्या हरण्याचा फोटो आणायला तू जशी धावलीस ना, नाकासमोर बघून, तशी मी धावले असते तर जिंकले असते."